श्वास मोकळा झाला, कोलेस्टेरॉलचं काय?

मोठ्याने घोरणारा माणूस मध्येच गप्प होतो. छाती-पोट हलत असतात, पण घशाचा मऊ भाग मिटून वाट बंद झालेली असते. मग गुदमरून, दचकून एक मोठा श्वास. तीव्र स्लीप अ‍ॅप्नियात श्वास तासाला ३० किंवा अधिक वेळा असा थांबतो किंवा अपुरा पडतो.

रक्तातला प्राणवायू रात्रभर वर-खाली होत राहिला की त्याची झळ यकृतापर्यंत पोहोचते. उंदरांवरच्या प्रयोगांत यकृतातली चरबी तयार करणारी यंत्रणा जोर धरताना दिसली, तर रक्तातली चरबी टिपणारं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर मंदावलं. माल वाढला आणि उचल घटली, असंच म्हणा ना.

मग श्वास सुरळीत केला तर कोलेस्टेरॉल आपोआप उतरायला हवं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१मध्ये नाकावाटे दाबाची हवा देऊन पाच रुग्णांचा घसा रात्रभर उघडा ठेवून दाखवला. तोच आजचा सीपॅप. २०११मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी जाहीर केलं, की तीन महिन्यांच्या सीपॅपने एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी, दोन्ही घटतात. ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये छापून आलेला हा शोधनिबंध २०१३मध्ये मागे घेण्यात आला. ही माघार रुग्णांपर्यंत पोहोचायलाच हवी, कारण असल्या आशेवर कोणी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली तर ते जिवावर बेतू शकतं.

त्यानंतरचं चित्र बरंच संयत आहे. इतर चाचण्या एकत्र पाहिल्या तर एकूण कोलेस्टेरॉलमधली घट किरकोळच दिसते. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत लठ्ठ रुग्णांना २४ आठवडे सीपॅप, वजन घटवणं किंवा दोन्ही असे उपचार दिले. ट्रायग्लिसराइड उतरले ते वजन घटवणाऱ्या दोन्ही गटांत. नुसत्या सीपॅपच्या गटात नाहीत.

म्हणून मशीन माळ्यावर टाकायचं का? मुळीच नाही. दिवसाची पेंग, गाडी चालवताना लागणारी डुलकी, चिडचिड यांवर ते खरंच गुणकारी आहे. अडचण वापराची असते. मास्क नाकावर रुततो, कडेने हवा सुटते, तोंड कोरडं पडतं, आणि पहाटे दोनला तो उशाशी काढून ठेवला जातो. हृदयरुग्णांच्या ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीत सरासरी वापर रात्री जेमतेम ३.३ तास होता. मास्कचं माप बदलून किंवा यंत्राला ह्युमिडिफायर जोडून यातला बराचसा त्रास कमी होतो.

घोरणं आणि वाढलेलं एलडीएल एकाच माणसात दिसलं, तर टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करून घेण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. थायरॉइड मंदावलं की दोन्ही बिघडू शकतात, आणि त्यावरची गोळी वेगळी असते.