येणं मागायचं कसं
गिऱ्हाईक आणि आपण : भाग ६

भाव कसा ठरवावा, हे मागच्या भागात पाहिलं. भाव ठरतो, माल जातो, बिल जातं आणि मग पैसे मागण्याची वेळ येते. भोसरी, सातपूर, शिरोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या वर्कशॉपात जा. मशिनं चालू असतात, हातात काम असतं, तरी पगाराच्या तारखेला मालकाचा जीव टांगणीला लागलेला असतो, कारण येणं अडकलेलं असतं. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्यानं बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत कर भरायचाच. गिऱ्हाइकाचे पैसे आले नसले तरी त्यातून सुटका नाही.

तरीही आपण मागायला कचरतो. सारखं मागितलं तर पुढची ऑर्डर जाईल, ही धास्ती असते. मला ती समजते, पण नातं बिघडतं ते गप्प बसण्यानंच. तीन महिने मनात साठवून चौथ्या महिन्यात केलेला फोन शांतपणे होतच नाही.

मागण्याची सुरुवात पैशांपासून करू नका, बिलापासून करा. मोठ्या कारखान्यात ऑर्डर देणारा पर्चेसवाला आणि पैसे सोडणारा अकाउंट्सवाला हे वेगळे लोक असतात. माल गेटवर येतो, स्टोअरमध्ये जातो, क्वालिटीवाले तपासतात, जीआरएन निघतो, मग बिल अकाउंट्सकडे पोचतं. चलनावर पीओ नंबर चुकलेला असतो किंवा दोन नग रिजेक्ट झालेले असतात, आणि तेवढ्यासाठी सगळं बिल पडून राहतं. आपल्याला कुणी कळवत नाही. म्हणून आठवडाभरात स्टोअरला फोन करून एवढंच विचारा, ‘साहेब, आमच्या बिलाची एंट्री झाली का? काही राहिलंय का?’ यात कुणाला राग येण्यासारखं काही नाही, आणि अडलेली बरीच बिलं इथेच सुटतात.

कायदाही आपल्या बाजूनं आहे, हे फार थोड्यांना नीट ठाऊक असतं. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. मात्र त्यासाठी उद्यम नोंदणी हवी, आणि ती माल देण्याआधीची हवी. नोंदणी फुकट होते. नुसता खरेदी-विक्रीचा धंदा असेल तर हे संरक्षण मिळत नाही.

२०२३ च्या वित्त कायद्यानं आणखी एक गोष्ट केली. मुदत उलटून गेलेलं आपलं बिल त्या आर्थिक वर्षात चुकतं केलं नाही, तर गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही. त्यामुळे आपण लघु उद्योगात मोडतो, हे त्यांच्या अकाउंट्सला आधीपासून माहीत असणं आपल्याच फायद्याचं. उद्यम नंबर आणि मुदतीची ओळ प्रत्येक बिलावर छापून टाका, पहिल्या बिलापासून. भांडण झाल्यावर तीच ओळ लिहिली तर ती धमकी वाटते.

एमएसएमई कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेकडे तक्रार करणं ही शेवटची पायरी. तिथे गेल्यावर ते गिऱ्हाईक बहुधा परत येणार नाही, हे गृहीत धरूनच जा. पण जाण्याआधी समोरचा खरोखर अडचणीत आहे की आपला पैसा बिनव्याजी वापरतोय, हे तपासा. त्याच्या गेटवर माल घेऊन येणाऱ्या इतर पुरवठादारांना विचारलं तर दोन दिवसांत कळतं. अडचणीतल्या माणसाला हप्ते बांधून द्या, तेही लेखी, तारखांसकट. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला जुनं बिल चुकतं होईपर्यंत नवा माल देऊ नका, ऑर्डर कितीही मोठी असली तरी.

पुढच्या भागात : रिजेक्शन आणि त्यावरून होणारे वाद.