काम देवाचे, हात माणसाचे

आपल्या मराठीत एक म्हण आहे : 'सरकारी काम आणि सहा महिने थांब.' जातीच्या दाखल्यासाठी, सात-बाराच्या उताऱ्यासाठी किंवा वारसाच्या नोंदीसाठी कचेरीतील बाकावर बसून ज्याने आपली दुपार घालविली आहे, त्याला या म्हणीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता या म्हणीशेजारी दुसरे एक वाक्य ठेवून पाहा. कधी बंगळूरला जाण्याचा योग आला, तर विधानसौधासमोर क्षणभर थांबा. त्या भव्य पाषाणी वास्तूच्या दर्शनी भागावर एक वाक्य कोरलेले आढळेल. त्याचा अर्थ असा : 'सरकारचे काम हे देवाचे काम.' १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते या वास्तूची कोनशिला बसविण्यात आली आणि पुढे केंगल हनुमंतय्या हे म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री असताना, त्यांच्या आग्रहाने व देखरेखीखाली ती उभी राहिली. ज्यांनी हे वाक्य तेथे कोरविले, त्याच हनुमंतय्यांकडे पुढे १९६७ साली, मोरारजी देसाई यांच्यानंतर, देशाच्या पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाचे अध्यक्षपद आले. नागरिकांच्या तक्रारींची दाद लागावी म्हणून लोकपाल व लोकायुक्त नेमावेत, ही शिफारस याच आयोगाने १९६६ साली केली होती. त्या शिफारशीला अनुसरून लोकायुक्ताचा कायदा १९७१ साली करणारे आपले महाराष्ट्र राज्य यात अग्रभागी होते, ही आपणांस समाधान वाटावे अशी गोष्ट होय.

म्हण खरी की शिलालेख खरा? या प्रश्नाचे उत्तर वादाने मिळणार नाही. ते मोजूनच काढावे लागेल. आणि बंगळूर शहराचे वैशिष्ट्य हे की, तेथे हे मोजण्याचे काम खरोखरीच झाले. तेही कचेरीच्या खिडकीच्या दोन्ही बाजूंनी.

प्रथम अलीकडची बाजू पाहू, म्हणजे आपली, रांगेत उभे राहणाऱ्यांची. शाळेत मुलांना प्रगतिपुस्तक मिळते. कोणत्या विषयात मूल कच्चे आहे ते त्यावरून आईबापांस कळते. मग नळ, वीज, रस्ते, दूरध्वनी आणि दवाखाने चालविणाऱ्या खात्यांना प्रगतिपुस्तक का असू नये? हा साधा विचार सॅम्युअल पॉल यांनी मनावर घेतला. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे ते माजी संचालक. निवृत्तीनंतर बंगळुरात स्थायिक झाल्यावर नागरी सेवांची जी दशा त्यांच्या दृष्टीस पडली, तिच्याविषयी नुसती कुरकुर करण्याऐवजी त्यांनी काही नागरिकांच्या साहाय्याने शहरातील हजाराहून अधिक कुटुंबांस प्रश्न विचारविले. त्यांत मध्यमवर्गीय घरे होती, तशीच झोपडवस्तीतील घरेही होती. अमुक कचेरीत आपणांस किती वेळा जावे लागले? काम झाले का? तेथील माणसे कशी बोलली? वरकड पैसे द्यावे लागले का?

१९९४ साली हे पहिले प्रगतिपुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा शहर चपापले. सेवांबद्दल समाधानी असणाऱ्यांचे सरासरी प्रमाण शेकडा ९ एवढेच निघाले. वर्तमानपत्रांनी ते ठळकपणे छापले. कोणत्याही खात्याला असा निकाल रुचणे कठीण; तरी काही अधिकाऱ्यांनी तो नाकारण्याऐवजी पॉल यांच्याशी विचारविनिमय केला. त्याच वर्षी त्यांनी 'पब्लिक अफेअर्स सेंटर' ही संस्था स्थापन केली आणि पाहणी पुन्हा पुन्हा होऊ लागली. १९९९ साली समाधानी लोकांचे प्रमाण शेकडा ३४ वर आणि २००३ साली शेकडा ४९ वर गेले. ही सुधारणा एकट्या प्रगतिपुस्तकाने घडविली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. १९९९ साली राज्य सरकारने नागरिक व अधिकारी यांचे एक कार्यदल नेमले, घरपट्टीची पद्धत सोपी करण्यात आली, संगणक आले. या सर्वांचा त्यात वाटा आहे. शिवाय १९९९ च्या पाहणीत लाचेचा उपद्रव मात्र कमी न होता वाढल्याचेच दिसले होते. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे : जे मोजले जाते त्याकडे डोळेझाक करणे अवघड होते. पुढे ही पद्धत फिलिपिन्ससारख्या दूरच्या देशांतही उपयोगात आली.

आता खिडकीच्या पलीकडे जाऊ. देवाचे काम करणारे हात तेथे आहेत. त्यांची स्थिती कोणी मोजली काय?

होय, तीही मोजली गेली; आणि तिचा आरंभ आपल्याच प्रांतात झाला. १९४९ साली तेव्हाच्या मुंबई सरकारने व्ही. एन. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या जीवनमानाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. १९५२ साली तिचा अहवाल आला आणि पुढे केंद्र सरकारने त्यातील प्रमुख शिफारशी सर्व राज्यांकडे धाडल्या. १९५७ साली नेमलेल्या मलकानी समितीने हेच काम देशव्यापी पातळीवर केले. कर्नाटकात आय. पी. डी. सालप्पा यांच्या समितीने सफाई कामगारांचे राहणे व काम करणे कसे आहे याची तपासणी करून १९७६ साली अहवाल दिला.

त्या अहवालातील एक आकडा आजही कामगारांच्या तोंडी आहे : दर ५०० लोकवस्तीमागे एक सफाई कामगार असावा. पुढे सरकारने हे प्रमाण ७०० मागे एक असे धरले. कागदावर हा फरक किरकोळ भासेल. परंतु एक लाख वस्तीचे गाव घ्या. पहिल्या हिशेबाने तेथे २०० कामगार लागतात. दुसऱ्या हिशेबाने १४३ पुरतात. उरलेल्या ५७ जणांच्या वाटणीचे रस्ते आपोआप स्वच्छ होत नाहीत. ते त्याच १४३ जणांच्या पाठीवर येतात.

बंगळुरात या कामगारांना 'पौरकार्मिक' म्हणतात. त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी आहे आणि बहुसंख्य कामगार दलित समाजातील आहेत. आपण अंथरुणात असतो तेव्हा त्या घर सोडतात आणि मुले शाळेत जावयाच्या आत एक-दोन रस्ते झाडून झालेले असतात. पुष्कळ वर्षे त्यांतील बहुतेकींचा पालिकेशी थेट संबंधच नव्हता. मध्ये ठेकेदार होता. काम पालिकेचे, रस्ता पालिकेचा, पण पगार मात्र ठेकेदाराच्या मर्जीचा. पगार उशिरा होणे, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा वेळेवर न होणे, हातमोजे न मिळणे, अशा तक्रारी त्यांच्या संघटना वारंवार मांडीत आल्या. २०१७-१८ च्या सुमारास ठेकेदारास वगळून वेतन थेट बँकेत जमा करण्यास प्रारंभ झाला. तथापि नोकरी कायम नव्हती. जुलै २०२२ मध्ये पौरकार्मिकांनी झाडू खाली ठेवले, तेव्हा त्यांची मागणी मुख्यतः कायम नोकरीची होती. सरकारने त्यांना आश्वासन दिले. आणि १ मे २०२५ रोजी, म्हणजे कामगार दिनी, शहरातील १२,६९२ पौरकार्मिकांना कायम नेमणुकीची पत्रे देण्यात आली.

या पत्राचे मोल कोणते? आजारपणाची रजा घेतली तर काम जाईल ही धास्ती त्यामुळे दूर होते. म्हातारपणाची तरतूद होते. मुलीच्या शाळेच्या अर्जावर आईचा व्यवसाय लिहिताना लेखणी अडखळत नाही. आणि मुकादमाने अपशब्द उच्चारला तर त्याची तक्रार करण्याचे बळ येते. म्हणून १९७६ चा अहवाल आणि २०२५ चे पत्र यांच्यामधील ४९ वर्षे विसरता येत नाहीत. अहवाल लिहिणे हे अर्धेच काम होय. उरलेले अर्धे काम ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने करावयाचे असते. त्यास आठवण करून देण्याचे काम मात्र आपणा सर्वांचे आहे.

काही वाचक म्हणतील, 'आम्हांस रांगेत ताटकळत ठेवणाऱ्या कारकुनाविषयी आम्ही कळवळा का बाळगावा?' शंका रास्त आहे. आळस आणि लाच यांना क्षमा नाही. म्हणूनच ठराविक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क कर्नाटकाने २०११ साली व महाराष्ट्राने २०१५ साली कायद्याने दिला. पण एवढे ध्यानात असू द्यावे की, चार जणांचे काम जेथे दोघांवर आहे, तेथे मुदत कायद्यात लिहिली तरी ती पाळणारे हात तेवढेच राहतात. खिडकीच्या एका बाजूचा त्रास पुष्कळदा दुसऱ्या बाजूच्या त्रासातून जन्मतो. म्हणून पाहणी दोन्ही बाजूंची हवी.

यात आपल्या कुटुंबाने काय करावे? अर्ज दिला की तारखेसह पोच मागावी. मुदत उलटली तर त्याच कायद्याने अपील करावे, चिरीमिरी देऊ नये. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करावा. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून निराळी द्यावी, कारण ती उचलणारा हात पुष्कळदा उघडाच असतो. आपल्या गावी सफाई कामगार किती आहेत आणि त्यांचा पगार वेळेवर होतो का, हे नगरसेवकास एकदा तरी विचारावे. आणि उद्या सकाळी दारात झाडणारी बाई दिसली, तर तिचे नाव विचारून घ्यावे. कर्नाटकात २३ सप्टेंबर हा दिवस पौरकार्मिकांचा म्हणून पाळतात; आपणांस त्यासाठी सप्टेंबरची वाट पाहण्याचे कारण नाही.