एका पाण्याबरोबर क्विंटलभर क्षार

नाणेघाटात कातळात कोरलेली प्राचीन टाकी आहेत. त्यांत साठणारे पाणी मेघांतून उतरून थेट कातळावर आलेले असते. म्हणून त्यात क्षार अत्यल्प असतात. पावसाचे हेच पाणी जमिनीत मुरून जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पूर्व भागातील विहिरींत उतरते, तेव्हा त्याचा गुण पालटलेला असतो. दिसावयास ते तितकेच निर्मळ. परंतु पुष्कळ विहिरींच्या पाण्यात साबणास फेस येत नाही व तुरीची डाळ शिजता शिजत नाही. अशा पाण्यास जड पाणी म्हणतात.

याचे कारण पाण्याच्या घडणीत आहे. हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अणू मिळून पाण्याचा रेणू बनतो. त्याच्या एका अंगास किंचित धन व दुसऱ्या अंगास किंचित ऋण विद्युत्भार असतो. या ओढीमुळे पाणी क्षारांचे कण सुटे करून आपल्यात सामावून घेते. पाऊस पडताना हवेतील कर्बाम्ल वायू शोषून घेतो व सौम्य आम्ल बनतो. मग काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपताना तो चुना, मॅग्नेशियम व सोडियम यांचे क्षार बरोबर घेऊन जातो.

हाच गुण पिकाचे जीवन होय. नत्र, स्फुरद, पालाश ही द्रव्ये मुळांना मिळतात ती पाण्यात विरघळूनच. कोरड्या जमिनीत खताचे पोते रिते केले तरी पीक उपाशीच राहते. नारायणगावच्या बाजारात येणाऱ्या टोमॅटोच्या 100 किलो वजनात सुमारे 94 किलो पाणीच असते.

मात्र पाणी आणते ते सारेच पीक घेत नाही. सूर्य उचलतो ते शुद्ध पाणी. क्षार बहुतांशी मागे राहतात. हिशेब करून पाहावा. एक लिटर पाण्यात 500 मिलिग्रॅम क्षार असले, तर ते पाणी त्या बाबतीत पिण्यासही योग्य ठरते. एकरास दोन इंच पाणी दिले की सुमारे दोन लाख लिटर होते. म्हणजे अशा एकाच पाळीबरोबर एकरभर रानात सुमारे एक क्विंटल क्षार पसरतात! पश्चिमेकडील मावळात धो धो पाऊस ते धुऊन नेतो. पूर्वेस तेवढा पाऊस नाही. यांपैकी चुन्याचे क्षार फारसे अपाय करीत नाहीत. सोडियम मात्र मातीचे कण विस्कटून टाकतो व काळी जमीन चोपण होते.

डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज व पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी पाण्याची सोय केली. परंतु कालव्याचे पाणी गोडे आहे म्हणून ते कितीही द्यावे, ही समजूत घातक आहे. निचरा नसलेल्या रानात भूजल वर चढते, खालचे क्षार पृष्ठभागी आणते आणि उन्हाळ्यात वाफ्यांवर पांढरा थर दिसू लागतो. तेथे आधी चर खोदून निचरा करावा. खताची मात्रा वाढवून काहीही साधत नाही.

ठिबक संचाच्या तोट्यांत जमणारा पांढरा पापुद्रा हाही जड पाण्यातील चुनाच. तो आम्लप्रक्रियेने सुटतो. हे काम जाणकाराच्या देखरेखीखाली करावे, आणि नेहमी पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी कदापि ओतू नये. आम्ल पाण्यात मिसळताना तीव्र उष्णता निर्माण होते व उलट केल्यास ते अंगावर उसळते.

विहिरीच्या पाण्याची परीक्षा डोळ्यांनी किंवा जिभेने होत नाही. नमुना घेण्यापूर्वी पंप काही वेळ चालू ठेवावा. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून एक लिटर पाणी भरावे आणि बूच घट्ट लावावे. तीवर शेतकऱ्याचे नाव, गाव, गट क्रमांक, दिनांक व घ्यावयाचे पीक लिहून नमुना विनाविलंब प्रयोगशाळेत पोहोचवावा. नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्रात याविषयी चौकशी करावी. पावसाळ्यानंतर एक व भर उन्हाळ्यात एक असे दोन नमुने तपासले, तर विहिरीचे पाणी वर्षभरात किती पालटते तेही कळते.