फोल्डिंग सायकल कच्च्या रस्त्यावर चालेल का?

हेडफोन नसेल किंवा लोकलमध्ये काही ऐकू येत नसेल, तर हा भाग वाचून काढा.

विषय माझ्या घरातलाच आहे. मी सांताक्रूझ पूर्वेला राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. जिन्याखाली साखळीने बांधलेली माझी जुनी सायकल एका पावसाळ्यात गंजली आणि पुढच्या पावसाळ्यात चोरीला गेली. म्हणून नवीन घेताना माझ्या तीन अटी होत्या. ती घरात कपाटाशेजारी मावली पाहिजे, रविवारी पहाटेच्या स्लो लोकलमध्ये शिरली पाहिजे आणि दगडमातीतही चालली पाहिजे. दुकानदार म्हणाला, "तिन्ही होतंय, घेऊन जा." मंडळी, तिन्ही होत नाही. तिसरी अट अर्धीच पुरी होते, आणि ती अर्धी म्हणजे नेमकी किती, हे घेण्याआधी कळलेलं बरं.

आधी चाक. समजा वाटेत पाच सेंटिमीटर उंचीचा दगड आला. २६ इंची चाकाला त्यावर चढायला साधारण साडेसतरा सेंटिमीटर अंतर मिळतं. २० इंची चाकाला मिळतं फक्त पंधरा, आणि १६ इंचीला त्याहूनही कमी. चढायची उंची तेवढीच, पण अंतर कमी, म्हणून धक्का जास्त. खड्ड्यातही लहान चाक जास्त खोल जातं. त्यामुळे १६ इंची सायकल कितीही गोंडस दिसली तरी ती डांबरी रस्त्याची. कच्च्यासाठी निदान २० इंच हवं.

त्यातही एक गंमत आहे. २० इंचाचे दोन प्रकार मिळतात. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ४७-४०६ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ४०६ वर जाड टायर मिळतात, कारण बीएमएक्सची चाकंही ४०६ चीच असतात. दुसरा प्रकार ४५१. त्याचे टायर बारीक, ते वेगासाठी. दुकानात दोघांनाही "ट्वेंटी"च म्हणतात, तेव्हा वाकून वाचा. फ्रेममध्ये ४७ किंवा ५० मिलिमीटरचा टायर फिरायला जागा आहे का, तेही बघा. फोल्डिंगला बहुतेक वेळा सस्पेन्शन नसतं (आणि स्वस्तातलं असण्यापेक्षा नसलेलंच बरं). मग जाड टायर आणि त्यात जरा कमी हवा, हेच आपलं सस्पेन्शन.

आता गिअर. पुढे ४८ दात, मागे सगळ्यात मोठं चक्र २८ दातांचं, हा सात गिअरच्या फोल्डिंगमधला नेहमीचा हिशोब. सगळ्यात हलक्या गिअरला पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.७ मीटर पुढे जाते. माउंटन बाइकवर हेच अंतर दीड मीटरच्या आसपास येतं, म्हणून ती उभा चढ चढते आणि आपण उतरून ढकलतो. बोरीवलीच्या गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा चढ २.७ मध्ये घाम काढून होतो. सिंगल स्पीडवर गुडघे बोलायला लागतात. तो रस्ता डांबरी आहे, आणि डांबर सोडून आत शिरायचं नाही. ते संरक्षित जंगल आहे आणि बिबट्यांचं घर आहे.

मागचा गिअर बदलणारा डिरेलर २० इंची सायकलला जमिनीच्या फार जवळ लटकतो. उंच गवत, चिखल, दगड, सगळं आधी त्यालाच लागतं. त्याची दांडी आखूड असलेली सायकल निवडा.

आणि आता खरी भीतीची जागा: बिजागऱ्या. फ्रेमची एक आणि हँडलच्या खांबाची एक. हँडलचा खांब लांब असतो, त्यामुळे प्रत्येक धक्का तरफेसारखा खालच्या बिजागरीवर येतो. मी हे गोराईला शिकलो. मालाडला उतरून मार्व्याला गेलो, फेरीने मनोरीला पोचलो, पुढे गोराईकडच्या कच्च्या वाटेवर तासभर हादरे खाल्ले. एका उतारावर हँडल चक्क माझ्याकडे झुकलं. क्लॅम्प लावला होता, पण त्यावरचं सेफ्टी लॉक लावायला मीच विसरलो होतो. वेग कमी होता, गुडघ्यावर भागलं. दातांवर गेलं असतं. तेव्हापासून कच्चा रस्ता लागला की दर अर्ध्या तासाने थांबतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवतो, आणि कट्‌कट् आवाज आला तर आधी क्लॅम्प घट्ट करतो. दुकानातही हीच परीक्षा घ्या. नव्या सायकलची बिजागरी हलत असेल तर ती घेऊच नका.

मग मोठ्या चाकाची फोल्डिंग का नाही? असते की. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बीएसएने छत्रीधारी सैनिकांसाठी मोठ्या चाकांची घडीची सायकल बनवली होती. आज अमेरिकेतली मोंटेग्यू कंपनी पूर्ण आकाराच्या चाकांची फोल्डिंग माउंटन बाइक बनवते. पण चाक मोठं ते मोठंच, घडी घातल्यावर ते लहान होत नाही. ती गाडीच्या डिकीत जाईल. आपल्या लोकलच्या दारात ती घेऊन उभं राहिलात, तर अंधेरीपर्यंत लोक काय काय ऐकवतील ते मी इथे लिहू शकत नाही.

काही सायकलींच्या फ्रेमवर १, २, ३ अशा आकड्याचं स्टिकर असतं. १ म्हणजे फक्त पक्का रस्ता. २ म्हणजे माती-खडीचा रस्ता आणि १५ सेंटिमीटरपर्यंतची उडी. ३ म्हणजे खडबडीत ट्रेल. आकडा नसेल तर माहितीपुस्तिका मागा. तीही नसेल तर १ समजून चाला.

माझ्याकडे आता २० इंची, ४०६ रिमची, सात गिअरची आहे. कान्हेरी, मनोरी, शेतातले बैलगाडीचे रस्ते, एवढं ती मजेत करते. मुळं आणि मोठे दगड असलेल्या ट्रेलला जायचं असेल, तर त्या दिवशी मित्राची माउंटन बाइक मागतो. माझी तेव्हा घरी कपाटाशेजारी असते.