पहारेकऱ्यावरही पहारा हवा

सकाळी कार्यालय उघडते, संगणक सुरू होतात. पण कोणालाही आत प्रवेश मिळत नाही. पासवर्ड बरोबर असूनही पडद्यावर नकारच उमटतो. वीज आहे, इंटरनेट आहे, यंत्रेही धडधाकट आहेत. बंद पडलेला असतो तो ओळख पटवून देणारा सर्व्हर. रुग्णालय असो, पतसंस्था असो वा महाविद्यालय, तो एक थांबला की सारे काम थांबते.

या व्यवस्थेचे दोन भाग असतात. डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे कर्मचारी, संगणक आणि त्यांचे अधिकार यांची नोंदवही. तर ऑथेंटिकेशन सर्व्हर म्हणजे दारावरचा पहारेकरी. मायक्रोसॉफ्टच्या ‘अॅक्टिव्ह डिरेक्टरी’त ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी होतात. या सर्व्हरवर बसवलेला मॉनिटरिंग एजंट हा छोटासा प्रोग्रॅम ठरावीक अंतराने त्याची प्रकृती तपासून मध्यवर्ती देखरेख यंत्रणेला कळवत असतो.

तपासायचे काय, हा खरा प्रश्न. एलडॅपचे ३८९ क्रमांकाचे पोर्ट उघडे आहे, एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे दार दिसले म्हणून पहारेकरी जागा आहे असे समजणे होय. म्हणून किमान अधिकारांचे एक चाचणी खाते तयार करून एजंटकरवी दर काही मिनिटांनी प्रत्यक्ष लॉगिन करवावे आणि त्याला लागणारा वेळ नोंदवावा.

दुसरी बाब घड्याळाची. कर्बेरॉस पद्धतीत दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा अधिक तफावत पडली, तर सर्वसाधारण मांडणीत प्रवेश नाकारला जातो. त्यामुळे तफावत एका मिनिटावर जाताच इशारा मिळावा. तिसरी बाब सर्व्हरमधील परस्पर नोंदींची. नोकरी सोडलेल्या व्यक्तीचे खाते एका सर्व्हरवर बंद आणि दुसऱ्यावर चालू राहिले, तर तो उघडा दरवाजाच ठरतो. चौथी बाब प्रमाणपत्राच्या मुदतीची. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट टीम्स’ ही सेवा काही तास ठप्प झाली, ती एका प्रमाणपत्राची मुदत संपल्याने. निदान ३० दिवस आधी सूचना यायला हवी. याखेरीज विंडोज सर्व्हरवर खाते कुलूपबंद झाल्याची ४७४० क्रमांकाची नोंद अचानक वाढू लागली, तर कोणी पासवर्ड अजमावत असल्याची शक्यता तपासावी.

मात्र एजंट बसवताना सोयीसाठी त्याला सर्वाधिकार देऊन टाकणे ही घातक चूक आहे. डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आलेल्या हल्ल्यात ‘सोलरविंड्स’ कंपनीच्या ‘ओरायन’ या देखरेखीच्याच सॉफ्टवेअरमधून घुसखोरी झाली होती; दूषित अद्यतन सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोहोचले होते. म्हणून एजंटला केवळ वाचण्यापुरते अधिकार द्यावेत, दूरस्थ आज्ञा चालवण्याची सोय बंद ठेवावी आणि संदेश कूटबद्ध स्वरूपातच पाठवावेत. शक्य तेथे एजंटनेच बाहेर संपर्क साधावा. म्हणजे सर्व्हरवर नवे पोर्ट उघडावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. देखरेख यंत्रणेत शिरण्यासाठी त्याच डिरेक्टरीतले खाते लागत असेल, तर ती कोसळल्यावर देखरेख करणाराही बाहेरच अडकतो. तेथे एक स्वतंत्र खाते राखून ठेवावे आणि इशारा ईमेलसोबत मोबाइलवरही यावा.

हा केवळ तांत्रिक काटेकोरपणा नव्हे. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवणे, नोंदी १८० दिवस जपणे आणि घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवणे आवश्यक आहे. सहा तासांत कळवायचे, तर ते आपल्याला आधी कळायला हवे. त्यासाठी महागडी सामग्री लागतेच असे नाही. ‘झॅबिक्स’सारखी मुक्त साधने उपलब्ध आहेत. हवी ती विचारपूर्वक केलेली मांडणी, आणि इशारा आल्यावर तो वाचणारे जबाबदार माणूस.