बाळंतपणाच्या कळा आणि श्वासातून घ्यायचा वायू

आपल्या वस्तीत पोरीला कळा सुरू झाल्या की थोरल्या बाया म्हणतात, "सोस गं, आम्ही पण सोसलं." बोलतात मायेनेच. पण कळा कमी करण्याचे उपाय आहेत, ही माहिती आपल्या घरांपर्यंत फारशी पोचलेली नाही. त्यातला एक उपाय आम्ही इथे सांगत आहोत.

नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ज्याला लोक हसवणारा वायू म्हणतात, तो निम्मा आणि प्राणवायू निम्मा, असे मिश्रण बाळंतिणीला देतात. त्याचे नाव एन्टोनॉक्स. बाळंतपणात या वायूचा वापर १८८१ पासून माहीत आहे. इंग्लंडमध्ये तो आजही सर्रास देतात.

कळ येते असे वाटताच मास्क नाकातोंडावर धरून सावकाश, खोल श्वास घ्यायचा. गुण यायला साधारण अर्धा मिनिट लागतो, म्हणून कळ भरात येईपर्यंत थांबू नये. कळ ओसरली की मास्क काढायचा. मास्क बाळंतिणीने स्वतःच धरावा. सासूने किंवा बहिणीने धरू नये. गुंगी आली तर तिचा हात आपोआप खाली येतो आणि वायू बंद होतो.

कळ पूर्ण जात नाही, पण सोसवते. बाई शुद्धीवर राहते, कळा मंदावत नाहीत. चक्कर, मळमळ होऊ शकते. मास्क काढल्यावर काही मिनिटांत ती कमी होते. फुप्फुसाभोवती हवा साचली असेल, नुकताच डोक्याला मार लागला असेल किंवा ब-१२ जीवनसत्त्व फार कमी असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

हा वायू सगळ्या दवाखान्यांत नसतो. म्हणून उरण, मुरूड, श्रीवर्धनकडच्या आपल्या घरांनी आठव्या महिन्याच्या तपासणीलाच विचारावे, "कळा कमी करायला इथे काय मिळते?" आशाताईंना सोबत घ्यावे. वायू नसला तरी चालणे, कूस बदलणे, कंबर चोळणे यानेही आराम पडतो. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत घरची एक बाई सोबत राहू शकते. केंद्र सरकारने २०१६ साली तशी मुभा दिली आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून तिथले बाळंतपण आणि औषधे मोफत आहेत.

घरातल्या पुरुषांनीही हे वाचावे, आणि तपासणीच्या दिवशी सोबत जावे.