पार्ट बदलणं वेगळं, दोष शोधणं वेगळं

दहावीचा निकाल लागला की वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावात घराघरांत एक हिशेब सुरू होतो. पोराला टीव्ही-मोबाइल उघडून बघायचा नाद आहे. मग फी भरून रिपेअरिंग शिकवावं, की शेजारच्या पुलगावात कुणाच्या हाताखाली बसवावं? या हिशेबात काही समजुती गृहीतच धरलेल्या असतात. त्या आधी तपासू.

गैरसमज १ : पोट्टा दुकानात बसला की सारं शिकते, क्लास कायले पाहिजे?

वस्तुस्थिती : दुकानात हात बसतो, हे खरं. डाग स्वच्छ कसा द्यायचा, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, हे वर्गात येत नाही. पण दुकानात शिकलं जातं ते तिथे येणाऱ्या वस्तूंपुरतं. छताचा पंखा हळू फिरतोय? अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदला, बहुतेकदा काम होतं. हे दहा वेळा पाहिलेल्या मुलापुढे बीएलडीसी पंखा आला की तो अडतो. त्यात हा कपॅसिटर नसतोच. आतला बोर्ड एसीचा डीसी करून मोटरच्या गुंडाळ्यांना पाळीपाळीनं वीज देतो. इथे पाठांतर संपतं आणि सर्किट समजण्याची गरज सुरू होते. चांगलं प्रशिक्षण देतं ते हेच : कधी न पाहिलेल्या वस्तूतला दोष शोधण्याची रीत.

गैरसमज २ : प्लग काढला की धोका संपला.

वस्तुस्थिती : ही समजूत जिवावर बेतू शकते. घरातली वीज 230 व्होल्टची. टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये तिचा डीसी झाला की मुख्य कपॅसिटरवर साधारण 325 व्होल्ट साठतात. प्लग काढल्यावर हा दाब उतरायला हवा, पण बिघडलेल्या बोर्डात तो तसाच राहू शकतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणं ही घातक सवय आहे. योग्य रेझिस्टरमधून तो उतरवायचा आणि मल्टिमीटरनं खात्री करायची. दुरुस्त केलेला बोर्ड प्रथम सिरीज बल्बवर लावायचा. शॉर्ट उरला असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि बोर्ड वाचतो. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये तर दाब दोन हजार व्होल्टच्या वर जातो. शिकाऊ मुलानं तो उघडूच नये. सुरक्षेचा धडा पहिल्या आठवड्यात न देणारा उस्ताद किंवा क्लास, दोघांपासूनही लांब राहावं.

गैरसमज ३ : आता जमाना फेकून देण्याचा, दुरुस्तीला भवितव्य नाही.

वस्तुस्थिती : काही कामं खरंच संपली. जुन्या पिक्चर ट्यूबचे टीव्ही आणि व्हीसीआर त्यांपैकीच. फुटलेलं एलईडी पॅनेल बदलणं बहुधा परवडत नाही. पण आवाज येतो आणि चित्र अंधारं, असा टीव्ही अनेकदा आतल्या बॅकलाइटच्या पट्ट्या बदलून सुरू होतो. पंख्यांचे बोर्ड, इन्व्हर्टर, ई-स्कूटरचे चार्जर, सौर कृषिपंपांचे कंट्रोलर ही कामं नव्यानं आली आहेत. मात्र हत्यारं बदलली. जुनं शिसं-कथलाचं सोल्डर 183 अंशांच्या आसपास वितळतं, तर आजच्या शिसेविरहित सोल्डरला 217 अंशांहून जास्त उष्णता लागते. बारीक पार्ट काढायला हॉट एअर मशीन लागतं. म्हणजे धंदा मेला नाही, जुन्या शिदोरीवर भागत नाही एवढंच.

गैरसमज ४ : सर्टिफिकेट कोणतंही असो, कागद तो कागदच.

वस्तुस्थिती : कागदाकागदात फरक आहे. आयटीआयमधला ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा दहावीनंतरचा दोन वर्षांचा ट्रेड. त्याच्या राष्ट्रीय प्रमाणपत्रावर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर शिकता येतं आणि डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा दरवाजाही उघडतो. बँकांच्या सहभागातून जिल्ह्याजिल्ह्यांत चालणाऱ्या ‘आरसेटी’ संस्था बेरोजगार ग्रामीण तरुणांना छोटे कोर्स मोफत शिकवतात. आधीच काम येणाऱ्यांसाठी पूर्वज्ञानाला मान्यता देणारी परीक्षा आहे. उलट, गल्लीतल्या क्लासचा रंगीत कागद कधी कधी फक्त हजेरीची पावती असतो.

आणखी एक गोंधळ : पारंपरिक कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा योजना. तिच्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम सप्टेंबर 2024 मध्ये वर्ध्यातच झाला, त्यामुळे नाव सर्वांच्या तोंडी आहे. पण तिच्या 18 व्यवसायांच्या यादीत कुलूप बनवणारा आहे, इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करणारा नाही. या योजनेच्या नावावर कुणी फी मागत असेल तर सावध व्हा.

गैरसमज ५ : कोर्स झाला की पैसा वसूल.

वस्तुस्थिती : आकडेमोड कागदावर करा. समजा फी वीस हजार आणि पार्टचा खर्च जाऊन एका कामामागे दीडशे रुपये उरतात. मग नुसती फी निघायला 134 कामं लागतील. हत्यारं, भाडं आणि शिकण्याच्या काळात बुडालेली मजुरी वेगळीच. गावात एवढी कामं किती महिन्यांत येतील, हे ठरवूनच पैसे मोजा.

मग करावं काय? दहावी झालेल्या मुलानं आधी आयटीआय बघावी आणि सुट्यांत दुकानात बसावं. घर चालवणाऱ्या तरुणानं मोफतचा कोर्स शोधावा. महागडा क्लास शेवटी, आणि तोही एक परीक्षा घेऊन. घरातला बिघडलेला एखादा बोर्ड घेऊन तिथे जा. काय बदलायचं ते विचारू नका. काय बिघडलंय ते कशावरून कळलं, ते विचारा. शिकवणाऱ्यानं मल्टिमीटर लावून आकडा दाखवला तर फी भरा. ‘अनुभवानं कळतं’ असं उत्तर आलं, तर तो अनुभव दुकानात फुकट मिळतो.